तुम्ही विचारलंत म्हणून: पंधरा वर्षं की पंचवीस?

"पिस्तूल रोखून दुसऱ्याची गाडी पळवणारा माणूस. त्याची शिक्षा कमी व्हावी म्हणून तू कशाला राबतेस?"

साताऱ्याला गेले की पहिल्याच जेवणात हा प्रश्न येतो. इकडे कॅलिफोर्नियात मंडळाच्या गणपतीतही येतो, जरा आडवळणाने. मी एका वकिलांच्या कार्यालयात काम करते. स्वतः वकील नाही. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, तुरुंगातून आलेले अर्ज वाचायचे, जुन्या खटल्याचे कागद मिळवायचे, कुठे काय चुकलंय त्यावर खूण करून ठेवायची, हे माझं काम. त्यातले बरेच अर्ज अशाच गुन्ह्यांचे असतात, ज्याला इथे कारजॅकिंग म्हणतात. पार्किंगमधून रात्री चोरलेली गाडी त्यात मोडत नाही. मालक समोर उभा असताना, धाक दाखवून किंवा मारहाण करून त्याच्याकडून हिसकावलेली गाडी म्हणजे कारजॅकिंग.

"उद्या तुझ्यावरच अशी वेळ आली तर?" हा दुसरा प्रश्न ठरलेलाच. त्याचं उत्तर आधी देते, कारण ती वेळ आपल्यातल्याच एका बाईवर येऊन गेली आहे. ८ सप्टेंबर १९९२ रोजी मेरीलँडमधल्या सॅव्हेज गावात भारतीय वंशाची एक शास्त्रज्ञ आपल्या बावीस महिन्यांच्या मुलीला शाळेत सोडायला निघाली होती. दोघांनी तिला गाडीबाहेर ओढलं. तिचा हात सीटबेल्टमध्ये अडकला होता, तरी त्यांनी गाडी तशीच पुढे दामटली. ती मैलभराहून जास्त फरफटत गेली आणि मेली. मुलीला त्यांनी आसनासकट रस्त्यावर टाकलं. ती वाचली. गाडीचोरीविरुद्धचं एक विधेयक तेव्हा अमेरिकन काँग्रेससमोर होतंच, या मृत्यूने त्याला जोर आला. २५ ऑक्टोबर १९९२ ला त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली आणि कारजॅकिंग हा फेडरल गुन्हा झाला. त्या बाईची गोष्ट मी विसरलेले नाही. अर्ज उघडताना ती माझ्यासोबत असते.

त्या कायद्यात शिक्षेच्या तीन पायऱ्या आहेत. साध्या कारजॅकिंगला जास्तीत जास्त १५ वर्षं. गंभीर शारीरिक इजा झाली असेल तर २५ पर्यंत. मृत्यू झाला तर जन्मठेप, आणि १९९४ च्या दुरुस्तीनंतर देहदंडसुद्धा.

सही होऊन सहा आठवडे झाले होते. ७ डिसेंबर १९९२ ला कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डमध्ये तिघांनी दोन माणसांना अडवलं. जोन्स नावाच्या एकाने आणि त्याच्या साथीदाराने त्यांचे खिसे चाचपले. तिसऱ्याने एकाच्या डाव्या कानात पिस्तुलाची नळी खुपसली आणि पुढे त्याच्या डोक्यात ते हाणलं. जोन्स दुसऱ्या माणसाला त्याच्याच होंडात कोंबून निघाला, वाटेत त्याला उतरवलं, आणि पोलीस मागे लागल्यावर गाडी टेलिफोनच्या खांबावर आदळली. यातल्या कशाबद्दलही मला त्याची कड घ्यायची नाही.

आता कागद बघा. आरोपपत्रात इजेचा उल्लेख नाही. पहिल्या हजेरीला न्यायाधिकाऱ्याने जोन्सला सांगितलं, या आरोपाखाली जास्तीत जास्त १५ वर्षं होतील. ज्यूरीला जे मुद्दे तपासायला सांगितले त्यातही इजा नव्हती. ज्यूरीने दोषी ठरवलं. मग शिक्षेच्या आधी प्रोबेशन खात्याचा अहवाल आला: ज्याच्या कानात नळी खुपसली त्याचा पडदा फाटलाय, ऐकू येणं कायमचं कमी झालंय, सबब २५ वर्षं द्यावीत. जोन्सने हरकत घेतली. न्यायाधीशांनी ती फेटाळली आणि इजा गंभीर होती असं स्वतःच ठरवलं. त्यासाठी त्यांनी पुराव्याचं जे माप लावलं ते वाजवी शंकेपलीकडचं नव्हतं, पारडं थोडं इकडे झुकलं की पुरे, असं होतं. शिक्षा झाली २५ वर्षं, वर पिस्तुलाच्या कलमाची वेगळी ५.

हे मी पहिल्यांदा नीट समजावून सांगू शकले ते मामांना. मामा फौजदार म्हणून निवृत्त झाले. ज्यूरी म्हटलं की त्यांना नानावटी खटला आठवतो, त्यापुढे त्यांना त्यात गम्य नाही. म्हणून मी त्यांच्याच भाषेत विचारलं. "मामा, जबरी चोरीचा गुन्हा. आरोप ठेवलाय फक्त ३९२ चा. जबर दुखापतीचं ३९७ लावलेलंच नाही. खटलाभर जखमेबद्दल आरोपीला कुणी एक शब्द विचारला नाही. आणि शिक्षेच्या दिवशी साहेब म्हणाले, जबर दुखापत झाली होती, घ्या वाढीव शिक्षा. चालेल?"

मामांनी घास खाली ठेवला. "असं कसं चालेल? कलमच लावलं नाही तर त्यानं बचाव कशाचा करायचा?"

कुठल्याही एका कानाची श्रवणशक्ती कायमची जाणं ही जबर दुखापत, असं आपल्या जुन्या भारतीय दंड विधानाच्या ३२० व्या कलमात शब्दशः होतं. ते मामांना पाठ. म्हणून तो फाटलेला पडदा त्यांना माझ्याआधी दिसला. पण वैद्यकीय दाखला, डॉक्टरांची साक्ष, उलटतपासणी हे सगळं खटल्यात व्हायला हवं, निकालानंतर नव्हे, हेही त्यांनाच चटकन कळलं. जखम खरी होती का, हा वादच नव्हता. ती सिद्ध करायची कुणापुढे आणि कधी, हा होता.

अपील न्यायालयाने जोन्सचं ऐकलं नाही. २४ मार्च १९९९ ला सर्वोच्च न्यायालयाने ऐकलं, पाच विरुद्ध चार मतांनी. निकाल न्यायमूर्ती सूटर यांनी लिहिला. या तीन पायऱ्या म्हणजे एकाच गुन्ह्याच्या कमीजास्त शिक्षा नव्हेत, ते तीन वेगळे गुन्हे आहेत, असं त्यांनी म्हटलं. इजेचा आरोप आधी ठेवा, ज्यूरीपुढे मांडा, वाजवी शंकेपलीकडे सिद्ध करा, मगच २५ चा आकडा उच्चारा. सूटर यांच्या बाजूने स्टीव्हन्स आणि गिन्सबर्ग हे उदारमतवादी न्यायमूर्ती होते, स्कॅलिया आणि थॉमस हे पुराणमतवादीही होते. इथल्या राजकारणाची थोडी माहिती असलेल्यांना ही नावं एका ओळीत पाहून नवल वाटेल. मला त्यात फार मोठा धीर वाटतो. या निकालाने जोन्स निर्दोष ठरला नाही, त्याच्या शिक्षेखालचा आधार तेवढा तपासला गेला. पुढच्याच वर्षी अप्रेंडी खटल्यात हे तत्त्व पक्कं झालं: कायद्याने ठरवलेल्या कमाल शिक्षेपलीकडे नेणारी प्रत्येक बाब, पूर्वीची दोषसिद्धी सोडून, ज्यूरीनेच ठरवायची.

दहा वर्षं. पंधरा आणि पंचवीस यांत तेवढंच अंतर आहे. तेवढ्यात पाचवीतलं पोर पदवीधर होतं. म्हणून मी राबते.

आमच्याकडे येणारे अर्ज याच्या पुढच्या टप्प्यावरचे असतात. अपील संपलेलं असतं. मग उरतं २२५५ क्रमांकाचं कलम, ज्याखाली कैदी शिक्षा देणाऱ्या न्यायालयाकडेच परत दाद मागतो. निकाल अंतिम झाल्यापासून साधारण एक वर्षाची मुदत, १९९६ च्या कायद्याने घातलेली. दुसऱ्यांदा अर्ज करायचा तर आधी अपील न्यायालयाची परवानगी. सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क या टप्प्यावर नाही, म्हणून अर्ज बहुधा हाताने लिहिलेला येतो, तुरुंगाच्या ग्रंथालयात बसून, एकेक शब्द कोरून. अर्ज तुरुंगाच्या टपालात टाकला तो दिवस दाखल झाल्याचा दिवस धरतात. तारखेसाठी म्हणून मी पाकिटंही जपून ठेवते.

२०१९ मध्ये डेव्हिस खटल्याचा निकाल लागला आणि अशा पत्रांची रीघ लागली. पिस्तुलाच्या कलमात, म्हणजे हिंसक गुन्ह्यात पिस्तूल वापरल्याबद्दल जास्तीची वर्षं देणाऱ्या कलमात, 'हिंसक गुन्ह्या'ची जी दुसरी, मोघम व्याख्या होती ती न्यायालयाने रद्द केली. प्रत्येकाला वाटलं, आपली जास्तीची वर्षं आता गळून पडतील. मला प्रत्येकाला कळवावं लागलं की कारजॅकिंग पहिल्या व्याख्येतही (बळाचा वापर किंवा त्याचा धाक हा ज्या गुन्ह्याचा भागच असतो, त्या) बसतं, अपील न्यायालयांनी तसं वारंवार सांगितलंय. ही पत्रं लिहिताना मी शब्द मऊ करत नाही. खोटी आशा पुरवून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही.

परवाच एक अर्ज आला. शिक्षा २०१० ची, अपील २०११ मध्ये संपलेलं. मी नेहमीप्रमाणे आधी आरोपपत्र काढलं, मग ज्यूरीचं निकालपत्रक, मग शिक्षेचा आदेश. निकालपत्रकावर होतं, गुन्ह्यात पिस्तूल वापरलं. त्याला किमान ५ वर्षं. आदेशात होतं, पिस्तूल उगारून धाक दाखवला. त्याला किमान ७. मधली दोन वर्षं न्यायाधीशांनी स्वतःच्या निष्कर्षावर वाढवली होती, आणि तेव्हा कायदा त्याला परवानगी देत होता. किमान शिक्षा वाढवणारी बाबही ज्यूरीनेच ठरवायची, हे अलेन खटल्यात ठरलं २०१३ मध्ये. तो निकाल जुन्या, अंतिम झालेल्या शिक्षांना लागू होत नाही.

ती दोन वर्षं ज्यूरीने ठरवलेली नाहीत, हे त्याचं म्हणणं बरोबर आहे आणि त्याचा अर्ज टिकणार नाही. त्याला लिहिलेल्या उत्तराच्या पहिल्या वाक्यात दोन्ही गोष्टी लिहिल्यात. पत्र अजून टेबलावरच आहे. उद्या सकाळी वकीलसाहेबांना तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून दाखवणार आहे, माझ्या नजरेतून काही सुटलंय का ते बघायला.