आखनची माणसं कळायला वेळ द्या

जर्मनीच्या पश्चिम टोकाला, बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या सीमेला चिकटून आखन आहे. इथल्या तांत्रिक विद्यापीठामुळे आपल्याकडची बरीच मुलं इथे येतात, मीही त्यासाठीच आले. कोलोनहून रेल्वेने साधारण तासाभराचा रस्ता.

आल्या आल्या जाणवतो तो वास. गावाच्या मधोमध एलिझेनब्रुनेन नावाचा खांबांचा मंडप आहे, तिथे गंधकाचं गरम पाणी वाहतं. ज्यांनी वज्रेश्वरीची कुंडं पाहिली आहेत त्यांना तो वास लगेच ओळखू येईल. सम्राट शार्लमेनलाही याच झऱ्यांची ओढ होती. ८१४ साली तो इथेच वारला. त्याचं कॅथेड्रल १९७८ मध्ये युनेस्कोच्या पहिल्यावहिल्या यादीत गेलं. ते बघायला मुद्दाम सवड काढा.

माणसांबद्दल मात्र पहिल्या हिवाळ्यात माझं मत वाईटच होतं. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो, पाऊस रिपरिपत राहतो, बसमध्ये कुणी कुणाशी बोलत नाही. शेजारच्या आजी जिन्यात ‘हालो’ म्हणायच्या आणि दार लावून घ्यायच्या. वर्गातला मुलगा आठवडाभर माझ्यासोबत गणितं सोडवायचा आणि मेसमध्ये नुसती मान हलवून पुढे जायचा. आपल्याकडे एवढ्यात घरी जेवायला बोलावणं झालं असतं. फार एकटं वाटायचं.

आमच्या इमारतीच्या दारावर अधूनमधून एखादी चिठ्ठी चिकटवलेली असे: शनिवारी आमच्याकडे पाहुणे आहेत, थोडा आवाज होईल, माफ करा. रात्री दहानंतर इथे शांतता पाळतात, म्हणून ही आगाऊ सूचना. सुरुवातीला मला ते फारच कोरडं वाटायचं. पुढच्या गणपतीत मीही तशीच चिठ्ठी लावली. सहा ते आठ आरती आहे, झांजा वाजतील, यायचं असेल तर जरूर या. बरोबर सहाला बेल वाजली. दारात आजी, हातात घरी केलेला मनुक्यांचा केक. आपली मंडळी अजून बसमध्येच होती! आजींनी मूर्ती कशाची, विसर्जन कुठे करणार, सगळं बारकाईने विचारलं, मोदक कसा खायचा ते शिकून घेतलं आणि आठला उठल्या. त्यानंतर दर महिन्याला वार आणि वेळ ठरवून आमची कॉफी होते, आणि ती वेळ त्यांनी कधीच चुकवलेली नाही. इथे ओळख आपोआप वाढत नाही, ठरवून वाढवावी लागते. पण एकदा ठरलं की माणूस शब्दाला पक्का असतो, आणि मला आता त्याचंच मोल जास्त वाटतं.

म्हणून नव्याने येणाऱ्यांना आग्रहाने सांगते, पहिल्याच सत्रात विद्यापीठाच्या क्रीडावर्गात किंवा गावातल्या एखाद्या गायनमंडळात नाव घाला. दर आठवड्याला तीच माणसं भेटत राहिली की गप्पा सुरू होतात. जर्मन येत असेल तर फारच उत्तम. फेब्रुवारीच्या आसपास कार्निव्हल असतो, तेव्हा घरात बसू नका. रंगीबेरंगी वेश करून गाणारे हेच ते बसमधले गप्प लोक, यावर विश्वास बसत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात: खोलीचा शोध भारतातूनच, काही महिने आधी सुरू करा, पण खोली आणि करार खरा असल्याची खात्री झाल्याशिवाय कुणालाही पैसे पाठवू नका. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाने सही केलेला कागद लागतो, तो किल्ली घेतानाच मागा. नोंदणीची वेळ ऑनलाइन लवकर घेऊन ठेवा.

रविवारी इथली दुकानं बंद असतात, दूध-भाजी शनिवारीच आणा. अगदीच अडलं तर बसने सीमेपलीकडे नेदरलँड्समधल्या फाल्स गावाला जा, तिथलं सुपरमार्केट रविवारीही उघडं असतं. तिथूनच वर चढून गेलं की ३२२ मीटरच्या टेकडीवर तीन देशांच्या सीमा एकत्र येतात. वारा फार असतो, जाताना पावसाळी जॅकेट न्या. छत्री तिथे टिकत नाही.