तुम्ही विचारलंत म्हणून: वेरूळ असताना लालिबेलाला कशाला?

इथिओपियाचं नाव काढलं की हा प्रश्न येतोच, त्यातून संभाजीनगरकडचं कोणी असेल तर नक्कीच, की अहो अखंड दगडात कोरलेलंच बघायचं होतं तर कैलास लेणं इथे आहे की, त्यासाठी आफ्रिकेत कशाला जायचं? खरं सांगते, मी कैलासमुळेच गेले. आधी कळस मग पाया हे लहानपणापासून ऐकलेलं, तेच दुसऱ्या कोणीतरी, दुसऱ्या देवासाठी, चारेकशे वर्षांनी केलंय म्हटल्यावर बघायलाच हवं होतं.

लालिबेला हे उत्तर इथिओपियात अम्हारा भागात साधारण 2500 मीटर उंचीवरचं छोटं गाव, जुनं नाव रोहा. झाग्वे घराण्याचा राजा लालिबेला, बाराव्या शतकाचा शेवट ते तेराव्याची सुरुवात हा त्याचा काळ, त्याने इथेच नवं जेरुसलेम उभं करायचं ठरवलं आणि 11 चर्च कोरून घेतली असं तिथे मानतात (काही अभ्यासकांच्या मते त्यातली एक-दोन आधीची आहेत आणि मुळात चर्च नव्हतीच). चर्चच्या दोन गटांमधून जो चर जातो त्याचं नावसुद्धा योर्डानोस, म्हणजे जॉर्डन नदी. लोक सांगतात की दिवसा माणसं काम करायची आणि रात्री देवदूत. आपल्याकडे पांडवांनी एका रात्रीत लेणी कोरली म्हणतात ना, मला ऐकताना तेच आठवत होतं.

दगडही आपल्यासारखाच ज्वालामुखीचा, पण लालसर आणि मऊ. कैलास डोंगराच्या उतारात आहे, आपण समोरून चालत आत शिरतो. बेते गियोर्गिसचं, म्हणजे त्या अकरांपैकी सेंट जॉर्जच्या चर्चचं, तसं नाही. तुम्ही सपाट खडकावरून चालत असता, समोर काहीच नाही, आणि एकदम पायाशी जमिनीच्याच पातळीला क्रॉसच्या आकाराचं छत, एकात एक तीन क्रॉस कोरलेले, आणि भोवती जवळपास 12 मीटर खोल खंदक. मला दोन मिनिटं बोलताच आलं नाही. मग कातळातल्या अरुंद वाटेने खाली उतरायचं, चपला बाहेर काढायच्या. खंदकाच्या भिंतीतल्या एका कोनाड्यात जुन्या यात्रेकरूंचे सुकलेले देह अजून आहेत, पाय दिसतात.

पण माझं खरं उत्तर वेगळंच आहे. कैलासात मी कायम तिकीट काढून गेलेय, नमस्कार करायचा तर पुढे घृष्णेश्वराला. लालिबेलात आठशे वर्षांनंतरही रोजची प्रार्थना त्याच दगडात होते. पहाटे बेते मरियमच्या अंगणात पांढऱ्या शाली पांघरलेली माणसं भिंतीला टेकून उभी, बायका चौकटीला ओठ लावून मग आत जातात, आतून गीझ भाषेतलं पठण आणि मोठ्या सणाला ढोल, आणि प्रार्थना इतकी लांब चालते की टेकायला सगळ्यांकडे उंच काठ्या असतात. त्याच चर्चच्या खिडक्यांत स्वस्तिकासारखा आकार कोरलेला दिसला आणि मी तिथेच थांबले. उंबरे पायांनी झिजलेत, आणि ते अजून झिजतायत हे बघून मला भरून आलं.

2008 च्या सुमाराला पावसापासून वाचवायला काही चर्चवर युरोपियन युनियनच्या पैशातून मोठी छपरं उभारली. दगडाला भेगा आहेत, पाणी मुरतं, हे कळतं, तरी ते लोखंडी खांब मला अजिबात आवडले नाहीत आणि गावातल्या लोकांनाही त्यांच्या वजनाची काळजी वाटते. गियोर्गिसवर छप्पर नाही, ते आहे तसं दिसतं.

जायचं असेल तर आधी बातम्या बघा, 2021 मध्ये गाव युद्धात सापडलं होतं आणि 2023 पासून अम्हारात पुन्हा संघर्ष पेटला. परिस्थिती निवळली आणि हाताशी वेळ थोडाच असला तर अकराच्या अकरा उरकत बसू नका, एक पहाट मरियमला द्या आणि एक संध्याकाळ गियोर्गिसला. शाकाहारी असाल तर बुधवार-शुक्रवार गाठा, त्या दिवशी तिथे उपास असतो, मांस-दूध काही नाही, इंजेरावर (आंबवलेल्या पिठाचा मोठा डोशासारखा प्रकार) डाळी-भाज्या भरपूर मिळतात.