तुम्ही हात केलात म्हणून निघालो

सोळा वर्षं मी पुण्यात शहर बस चालवतोय. इतक्या वर्षांत माझ्या गाडीखाली कुणी आलं नाही, कुणाला साधा धक्काही लागला नाही. त्या दिवशीही लागला नव्हता. तरी तो दिवस माझ्या मनातून जात नाही.

दुपारचे साडेबारा. डेक्कनकडून टिळक रस्त्याने स्वारगेटला निघालो होतो. एका चौकात लाल दिव्याला माझी बस सगळ्यात पुढे. डावीकडे सदाशिव पेठेतून येणाऱ्या रस्त्याचा दिवा हिरवा होता. तिकडून एक काका सायकलवर निघाले. साठीच्या आसपासचे, मेसचे डबे पोचवणारे. हँडलला दोन्ही बाजूंना डबे, कॅरिअरवर पिशवी. हिरवा असतानाच निघाले, त्यांचं काहीही चुकलं नव्हतं.

पण सिग्नलची वेळ मोटारीच्या वेगाने बसवलेली असते. ओझं लादलेली सायकल तासाला दहा किलोमीटरने निघाली, तर ३ सेकंदांत जेमतेम ८ मीटर जाते. तेवढ्या वेळात पिवळा संपतो आणि माणूस भर चौकात अडकतो. काकांचं तसंच झालं. माझा दिवा हिरवा झाला तेव्हा ते माझ्या डाव्या हेडलाइटसमोर होते. एक पाय टेकला, मान वर करून काचेतून माझ्याकडे पाहिलं. जाऊ की थांबू?

मी हात केला. जा, जा, निघा.

किती साधी गोष्ट! दिवसातून वीस वेळा करायचो. कुणाला वाट दिली की बरं वाटतं, समोरचा मान हलवतो, आपणही हलवतो. काकांनी तशीच मान हलवली आणि पॅडल मारलं. ते माझ्या पुढ्यातून पार उजव्या टोकाला गेले, आणि बसच्या उजव्या अंगाने एक मोटारसायकल सुसाट पुढे आली.

बसच्या पुढ्यातून कोण चाललंय, हे मागून येणाऱ्याला दिसतच नाही. बारा मीटरची भिंत असते ती. त्याला दिसत होता फक्त हिरवा दिवा. काकांनाही तो दिसला नसणार, कारण त्यांनी तिकडे पाहिलंच नव्हतं. बसवाल्याने जा म्हटलंय, मग कशाला बघायचं? उजव्या आरशात तो मला दिसला असता. मी डावीकडे बघून हात केला होता, उजवीकडे मान वळवली नव्हती.

आवाज फार मोठा झाला नाही. डबे आपटल्याचा झाला. हँडब्रेक ओढून खाली उतरलो तर काका रस्त्यावर बसलेले, उजवं मनगट डाव्या हातात धरून. झेब्राच्या पांढऱ्या पट्ट्यावर पिवळं वरण पसरत होतं, वाफ निघत होती त्यातून. एक पोळी चाकाच्या तारांत अडकली होती. मोटारसायकलवाला कॉलेजचा पोरगा, थरथर कापत उभा. "काका, खरंच दिसला नाहीत हो," एवढंच परत परत म्हणत होता.

आमच्या कंडक्टर ताईंनी काकांना पाणी दिलं, रिक्षा थांबवली. मी म्हटलं, "काका, थोडं बघून..." वाक्य पुरं झालं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. म्हणाले, "तुम्ही हात केलात म्हणून निघालो."

मनगटाचं हाड मोडलं होतं. आलेल्या हवालदारांनी सगळं विचारून घेतलं आणि मला म्हणाले, तुमच्या गाडीचा काही संबंध नाही, निघा तुम्ही. कागदावर ते खरंच होतं. पुढच्या दोन फेऱ्या मी कशा केल्या, माझं मला माहीत. ड्युटी सुटल्यावर पत्ता काढून त्यांच्या घरी गेलो, माफी मागितली. ते म्हणाले, अहो, तुम्ही भल्यासाठीच केलंत. त्याने जास्तच लागलं.

तेव्हापासून मी कुणालाही 'जा' म्हणून हात करत नाही. माझा हात फक्त माझ्या बसची हमी देऊ शकतो. शेजारच्या मोटारसायकलची, पलीकडच्या रिक्षाची हमी मी कुठून देणार? डिपरही मारत नाही, कारण त्याचा अर्थ आपल्याकडे एक नाही. कुणी 'तुम्ही जा' समजतो, कुणी 'मी येतोय, थांबा'.

आता मी नुसता थांबतो. हँडब्रेक ओढतो, म्हणजे हवेचा फुस्स आवाज समोरच्यालाही ऐकू जातो. मग उजवा आरसा बघतो आणि खिडकीबाहेर तळवा मागे करून धरतो, येणाऱ्याने दमानं घ्यावं म्हणून. काही जण थांबतात, काही नाही. पुढचं सायकलवाल्याने स्वतः बघून ठरवायचं. मागून हॉर्न वाजतात, वाजू देत. डेपोत नवीन पोरं आली की त्यांनाही हेच सांगतो.

सायकलवाल्यांना मात्र एक विनंती आहे. सिग्नलला बसच्या पुढच्या दाराला खेटून उभे राहू नका हो. तिथे मला तुम्ही दिसत नाही, आणि बस डावीकडे वळली की मागचं चाक पुढच्यापेक्षा आत कापत येतं. चार-पाच फूट पुढे या, माझा चेहरा दिसेल असे उभे राहा.

दोन-अडीच महिन्यांनी त्याच चौकात काका परत दिसले. हँडलला डबे नव्हते, सगळे मागे कॅरिअरवर बांधलेले. पुन्हा मध्येच अडकले. मी हँडब्रेक ओढला. हात स्टिअरिंगवरच ठेवला. त्यांनी मला ओळखलं की नाही, कळलं नाही. ते बसच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत आले, पाय टेकला, आधाराला तळहात बसच्या पत्र्यावर ठेवला आणि मान पुढे काढून उजवीकडे पाहिलं. दोन मोटारसायकली गेल्या. एक रिक्षा थांबली. मग त्यांनी पत्र्यावर हलकी थाप मारली आणि निघाले.

ते पलीकडच्या फुटपाथला लागेपर्यंत मी गाडी हलवली नाही. मागून ताईंची डबल बेल आली.