सहा हजारचं भूत

रविवार, रात्री

सहा हजार मीटर हा आकडा एकदा डोक्यात बसला की उतरत नाही. ५९०० मीटरचं शिखर केलं म्हणून कुणी स्टेटस टाकत नाही. भाचाही त्याच आकड्याने झपाटलाय. आज जेवायला आला तो लडाखचं कांग यात्से-२ हे शिखर ठरवूनच. उंची साधारण ६२५०. "अगं मावशी, नॉन-टेक्निकल आहे, म्हणजे कातळ-बर्फाची अवघड चढाई नाही. पाच किलोमीटर पस्तीस मिनिटांत पळता आलं की पुरे, असं म्हणतात. मी तर पंचविसात पळतो."

पळतोच तो, खोटं कशाला बोलू! आतकरवाडीतून सिंहगड चढताना मी कुठेतरी ताकवालीपाशी टेकलेली असते, तेव्हा हा वर पोचून पिठलं-भाकरी सांगून मोकळा. पण तो चढ साधारण सहाशे मीटरचा. कांग यात्सेच्या बेस कॅम्पपासून माथा अकराशे-बाराशे मीटर वर. मध्यरात्री निघायचं, आणि हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहूनही कमी. शिवाय पळून आल्यावर माणूस घरी येऊन आडवा होतो. तिथे माथ्यावर पोचल्यावर निम्मंच काम झालेलं असतं.

लडाखात पूर्वी सगळे स्टोक कांगरीला जायचे. ६१५३ मीटर, लेहच्या उशाशी. इतकी गर्दी झाली की गावाला पाणी देणाऱ्या हिमनदीचीच काळजी वाटू लागली आणि २०२० पासून ते बंद केलं. मग तीच हौशी गर्दी कांग यात्सेकडे वळली. 'सोपं' हे बिरूदसुद्धा तिथूनच इकडे आलं असावं, असा माझा संशय आहे.

मंगळवार

मनालीजवळच्या हम्प्ता पास या खिंडीच्या ट्रेकचे फोटो चाळत बसले. भाचा माझ्याबरोबर होता. शिआगोरूच्या कॅम्पवर, जवळजवळ ३९०० मीटरवर, सगळ्यांच्या आधी पोचला, पोरांबरोबर हुंदडला आणि संध्याकाळी डोकं धरून बसला. जेवण नको, पाणी नको, मग उलटी. मी रखडत रखडत शेवटून दुसरी पोचले होते आणि दोनदा भात मागून घेतला. माझा स्टॅमिना जास्त होता म्हणून नव्हे. उंची सोसणं हे खातंच वेगळं आहे, आणि दमसास चांगला असलेली मुलं वेगाने वर जातात म्हणून उलट उंचीच्या त्रासात लवकर सापडतात. तीन हजारांच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये, तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हे डॉक्टर लोक सांगून थकले. पण सुट्टी नऊ दिवसांचीच असते ना!

आता युनाम शिखर घ्या. मनाली-लेह रस्त्यावर भरतपूरजवळ, ६१११ मीटर, चढाई दगडगोट्यांची. कागदावर याच्यासारखं सरळ काही नाही. पण २००० मीटरवरच्या मनालीतून गाडी तुम्हाला सरळ साडेचार हजारांच्या पुढे नेऊन सोडते. पाय एकदम ताजे, डोकं मात्र फुटायला आलेलं. त्यापेक्षा कांग यात्से बरं, कारण मार्खा खोऱ्यातून चालत जाताना शरीराला तीन-चार दिवस मिळतात. 'सोपं' म्हणणाऱ्याला आधी विचारावं, कुठल्या बाबतीत सोपं?

बुधवार

आज डबा खाताना मनात एक हिशेब जुळला. डोंगरावर नवं काय काय असू शकतं? उंची. बर्फ. दोर. (थंडी आणि शौचाला जायची पंचाईत मी यात धरत नाही, ती सगळीकडे असते.) पहिल्या मोहिमेत यातली एकच गोष्ट नवी असावी. दोन नव्या असतील तर मोहीम नेणाऱ्या संस्थेची माणसं खरोखर भक्कम हवीत. तिन्ही नव्या असतील तर आपण गिऱ्हाईक आहोत, गिर्यारोहक नव्हे.

दोराचं मला थोडं कळतं. अलंग-मदन-कुलंगला कातळटप्प्यावर हार्नेस बांधून चढलेय, रॅपलिंगने उतरलेय. बर्फाचं शून्य. आपल्याकडे बर्फ म्हणजे उसाच्या रसातला. सह्याद्रीतला माणूस बुटावर भरवसा ठेवून उताराला धावतो, हीच सवय बर्फात घात करते. बुटाखाली क्रॅम्पॉन, म्हणजे धातूच्या दातांचे सांगाडे, बांधल्यावर पाय थोडे फाकवून, सगळे दात टेकवून पाऊल टाकावं लागतं, नाहीतर एका पायाचा दात दुसऱ्या पायाच्या गेटरमध्ये (नडगीवरच्या कापडी आवरणात) अडकतो आणि तोंडावर आपटतो. घसरलं तर आइस ऍक्स, म्हणजे बर्फातली कुदळ, छातीशी घेऊन, उलटं वळून, टोक बर्फात दाबायचं. हे मला पुस्तकी ठाऊक आहे. पहाटे तीनला, हातमोज्यांत बोटं बधिर असताना, हे हाताला ठाऊक असायला हवं.

त्याचा खरा मार्ग गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स. उत्तरकाशीची नेहरू संस्था १९६५ची, दार्जिलिंगची हिमालयन संस्था त्याआधीची, १९५४ची. मनालीची संस्था आहेच. जवळपास महिनाभर पाठीवर ओझं आणि रोज पहाटे शिट्टी. भाच्याने करावाच, त्याचं वय आहे. मला आमच्या ऑफिसात महिन्याची रजा म्हणजे राजीनामाच. शिकल्याने धोका संपतो असंही नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये उत्तराखंडातल्या द्रौपदी का दांडा-२ शिखरावर हिमप्रपातात गेली ती प्रशिक्षणाला आलेली मुलं आणि शिकवणारी माणसंच होती. हिमप्रपात सर्टिफिकेट बघत नाही.

शुक्रवार

भाच्याने निवडलेल्या आयोजकाला फोन केला. माथा गाठला नसला तरी परत फिरायची वेळ किती? "ते तिकडे बघू, मॅडम." एका दोराला किती जण बांधता? "गाइड एक्स्पर्ट आहेत." हवा बिघडली तर राखीव दिवस? "सहसा लागत नाही." बर्फाचा सराव? "समिटच्या आदल्या दुपारी दाखवतात."

गोड बोलला बिचारा. पण शिखराच्या आदल्या दुपारी पहिल्यांदा क्रॅम्पॉन बांधायचे म्हणजे लग्नाच्या आदल्या दिवशी पोळ्या लाटायला शिकण्यासारखं. फोन ठेवल्यावर कांग यात्से या वर्षापुरतं माझ्या यादीतून गेलं.

शनिवार

पाठीवर बारा किलो घेऊन सिंहगड. पाण्याच्या बाटल्या भरून न्यायच्या आणि वर ओतून टाकायच्या, म्हणजे उतरताना गुडघ्यांवर भार नाही. वरच्या कुत्र्यांना पाणी मिळतं हा वरचा फायदा. भाच्यालाही ओझं दिलं होतं. पहिल्यांदाच तो माझ्या हाकेच्या अंतरात राहिला.

टाक्याजवळ बसून बोललो. मी फ्रेंडशिप पीक मांडलं. मनालीजवळ, सोलंगच्या बाजूला, ५२८९ मीटर. "पाचच हजार?" त्याचं तोंड पडलं. मग आकडे सांगितले. त्या वाटेवरचा लेडी लेगचा कॅम्प ३९०० च्या आसपास, तिथून थेट निघालं तर एका रात्रीत चौदाशे मीटर चढ, म्हणजे कांग यात्सेपेक्षाही जास्त. झोपायची उंची मात्र शिआगोरूएवढीच, आपल्या दोघांच्या ओळखीची. नवा फक्त बर्फ. जूनमध्ये तो भरपूर असतो. ताजा पडला असेल तर मात्र तिथल्या उतारांवरचा बर्फ सुटून खाली येतो, म्हणून राखीव दिवस पाहिजेच, आणि ऊन चढायच्या आत खाली यायचं.

"आणि समिट नाही झालं तर?"

"तर नाही झालं. सहा दिवस बर्फात राहून येऊ."

हे त्याला पटलं नाही, चेहऱ्यावर दिसत होतं. पण दुसऱ्या एका संस्थेकडे दोन दिवसांचा बर्फाचा सराव आणि एक राखीव दिवस धरून कार्यक्रम आहे म्हटल्यावर तारखा विचारल्या. त्यांनी परत फिरायची वेळही न विचारता सांगितली, सकाळी दहा. पैसे चार हजारांनी जास्त पडतील. भाड्याच्या स्नो-बुटांचं माप कळवायचंय, जाड मोजे घालून घेतलेलं. उद्या त्यालाही पाय मोजायला सांगते.