पंच द्या, मग खेळा: बव्हेरियातला गावोगावचा फुटबॉल

इथे बव्हेरियात, म्हणजे जर्मनीच्या दक्षिणेकडच्या राज्यात, क्लबला लीग खेळायची असेल तर अकरा खेळाडू आणि एक मैदान एवढ्यावर भागत नाही. क्लबने पंचही द्यावे लागतात. जितके संघ उतरवाल त्या प्रमाणात पंच, आणि तेही स्वतःच्या सामन्यांसाठी नाही, तर तिसऱ्याच दोन गावांच्या सामन्यात शिट्टी वाजवायला. आकडा भरला नाही तर संघटना दंड लावते. जर्मनीतल्या काही प्रादेशिक संघटना तर थेट गुणतक्त्यातले गुण कापतात. वर्षभर घाम गाळून मिळवलेली बढती पंच कमी पडल्यामुळे हुकू शकते.

आपल्याकडे मुंबई असो, कोल्हापूर असो की मडगाव, पंच आणणं हे असोसिएशनचं काम. क्लबचा त्यांच्याशी संबंध नव्वद मिनिटांपुरता. म्हणूनच हा नियम पहिल्यांदा ऐकला की जाचक वाटतो. पण इथल्या, बव्हेरियातल्या, तळच्या लीग कशावर उभ्या आहेत असं कुणी विचारलं तर मी आधी याच नियमाचं नाव घेईन.

नुसतं नाव नोंदवून पंच मोजला जात नाही. त्याने वर्षाला ठरावीक सामने घ्यावे लागतात, साधारण पंधराच्या आसपास, आणि पंचगटाच्या बैठकांना हजर राहावं लागतं. तरच तो क्लबच्या खात्यात धरतात. बव्हेरियात चौदाव्या वर्षापासून पंच होता येतं. नवशिक्यांच्या वर्गाचा काही भाग ऑनलाइन, काही प्रत्यक्ष, शेवटी नियमांचा लेखी पेपर आणि धावण्याची चाचणी. पास झालेल्या पोराला लहान मुलांचे सामने देतात आणि सुरुवातीला एक अनुभवी पंच सोबत येऊन कडेला उभा राहतो. याला फार महत्त्व आहे. नवे पंच सोडून जातात ते नियम अवघड असतात म्हणून नव्हे. पंधरा वर्षांच्या मुलावर चाळिशीतला बाप कुंपणाबाहेरून खेकसतो, म्हणून जातात.

हा गळतीचा प्रश्न जर्मनीत गंभीर आहे. 2006 च्या सुमाराला देशभरात 80 हजारांच्या आसपास पंच होते. करोनाच्या काळात ही संख्या 50 हजारांच्याही खाली आली. जर्मन फुटबॉल महासंघाने 2023 हे वर्ष पंचांचं वर्ष म्हणून जाहीर केलं, भरती मोहिमा काढल्या, त्यानंतर आकडा पुन्हा चढू लागला. 2024-25 च्या हंगामापासून हौशी फुटबॉलमध्ये देशभर एक नवा नियमही आला. वातावरण तापलं तर पंच दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली करतो. दोन्ही संघांनी आपापल्या पेनल्टी क्षेत्रात जायचं, मधल्या वर्तुळात फक्त कर्णधार आणि प्रशिक्षक. पहिला थांबा पाच मिनिटांचा, दुसरा दहा मिनिटांचा. तिसऱ्यांदा वेळ आली तर सामना तिथेच बंद. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर हा नियम उद्या सकाळी लागू करावा असं मनापासून वाटतं.

यजमान क्लबच्याही जबाबदाऱ्या लिहून ठरवलेल्या आहेत. पंचाला वेगळी खोली, पिवळी जॅकेटं घातलेले स्वयंसेवक, आणि मानधन व प्रवासखर्च. हौशी सामन्यात हे पैसे बहुधा यजमानच देतो. तळच्या वर्गांत कधीकधी पंच नेमलाच जात नाही किंवा ऐनवेळी येत नाही. म्हणून सामना आपोआप रद्द होत नाही. दोन्ही संघांनी हजर असलेल्यांतून एकावर एकमत करायचं आणि खेळायचं.

आता हे सगळं कुठल्या चौकटीत बसतं ते. जर्मन महासंघाखाली 21 प्रादेशिक संघटना आहेत. त्यांतली बव्हेरियाची मोठी, सुमारे साडेचार हजार क्लबांची, मुख्यालय म्युनिकमध्ये. तिच्याखाली सात विभाग, विभागांखाली जिल्हे. वरून मोजलं तर बुंडेसलीगा, दुसरी बुंडेसलीगा आणि तिसरी लीग देशपातळीवर. चौथी पायरी रेगिओनाललीगा बायर्न, म्हणजे बव्हेरियाची प्रादेशिक लीग. मग बायर्नलीगा, लांडेसलीगा, बेत्सिर्क्सलीगा, क्राइसलीगा, क्राइसक्लासे, आ-क्लासे, बे-क्लासे आणि काही भागांत त्याखाली त्से-क्लासे. म्हणजे बाराव्या पायरीपर्यंत सलग जिना. शेतात काम करून रविवारी दुपारी बूट चढवणाऱ्या संघालाही बुंडेसलीगाशी जोडलेलं एक स्थान आहे. तो हरत राहिला तर खालच्या वर्गात जातो, स्पर्धेबाहेर फेकला जात नाही.

प्रत्येक गटाचा एक स्पर्धा-प्रमुख असतो. दिवसभर नोकरी, संध्याकाळी हे काम, आणि हे काम मानद. उन्हाळ्यात तो गट पाडतो. नियम असा की वर्ग जितका खालचा तितका प्रवास कमी, म्हणून काही गावं दर दोनतीन वर्षांनी वेगळ्या गटात जातात. मग कार्यक्रमपत्रिका. जुलैअखेर किंवा ऑगस्टमध्ये सुरुवात, नोव्हेंबरपर्यंत खेळ, मार्चपर्यंत हिवाळी सुट्टी, मेअखेर शेवट. एकाच मैदानावर दोन क्लब असतील, पहिला आणि दुसरा संघ पाठोपाठ खेळणार असतील, गावची जत्रा असेल, तर हे सगळं आधी कळवायचं. सामना पुढे ढकलायचा तर एक क्लब ऑनलाइन अर्ज करतो, दुसरा मान्य करतो, प्रमुख शिक्कामोर्तब करतो. तिघांपैकी एकानेही उत्तर दिलं नाही तर जुनी तारीख कायम. फोनवर ‘होईल हो’ म्हणून ठरवलेल्या गोष्टी इथे बुडतात.

खेळाडूंच्या याद्याही जर्मन महासंघाच्या त्याच ऑनलाइन प्रणालीत. सामन्याआधी दोन्ही क्लब नावं आणि जर्सी क्रमांक भरतात, पंच फोटो पाहून ओळख पटवतो, शेवटी गोल, कार्ड, बदली खेळाडू नोंदवतो. चूक बहुतेक एकाच ठिकाणी होते. नवा खेळाडू सरावाला येतो, फोटो चढवलेला असतो, पण त्याची खेळण्याची परवानगी पुढच्या तारखेपासून असते आणि ती तारीख कुणी पाहत नाही. त्याला उतरवलं आणि प्रतिस्पर्ध्याने तक्रार केली तर जिंकलेला सामना जिल्ह्याच्या क्रीडा न्यायमंडळात हरता येतो.

उतरणीचं गणित बाहेरच्याला सर्वांत गोंधळात टाकतं. तुमच्या वर्गातून किती संघ खाली जाणार हे फक्त तुमच्या तक्त्यावर ठरत नाही. वरून तुमच्या भागातले किती संघ घसरले त्यावर ठरतं. बेत्सिर्क्सलीगातून अपेक्षेपेक्षा एक संघ जास्त खाली आला तर क्राइसलीगाला एक जास्त ढकलावा लागतो, मग क्राइसक्लासेला, आणि तो धक्का पार तळापर्यंत पोचतो. त्यात मेअखेरीच्या पात्रता लढती. खालच्या वर्गातला दुसरा आणि वरच्या वर्गात काठावर राहिलेला संघ तिसऱ्याच गावच्या मैदानावर भिडतात. एरवी शंभर-दीडशे माणसं जमणाऱ्या संघाला त्या दिवशी हजारावर प्रेक्षक मिळतात. सॉसेज आणि बिअरच्या विक्रीतून यजमान गावाचीही चांगली कमाई होते.

हे वाचून कुणी म्हणेल की आपल्याकडे फुटबॉलची संस्कृतीच नाही. हे मला अजिबात मान्य नाही. जर्मन महासंघ स्थापन झाला 1900 साली, तर मुंबईत रोव्हर्स कप 1891 सालीच सुरू झाला होता. वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन 1911 ची. आणि कोल्हापूर? पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ यांच्या सामन्यांना जी गर्दी लोटते ती इथे पाचव्या-सहाव्या पायरीवरच्या क्लबांना स्वप्नातही दिसत नाही. तालमीशी पेठेचं जे नातं आहे तेच इथल्या गावाचं क्लबशी आहे, आणि आपलं जास्त तापट आहे. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव त्याच मातीतला. कमी आहे ती खालच्या पायऱ्यांची. कोल्हापुरात वरच्या संघांची लीग जोरात चालते, पण गगनबावड्याच्या किंवा आजऱ्याच्या पोरांना दर रविवारी घरापासून दहा-पंधरा किलोमीटरवर स्वतःच्या तोडीचा सामना मिळत नाही. मैदानंही नाहीत हे खरंच आहे. इथे बव्हेरियात बहुतेक मैदानं ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या मालकीची, क्लब ती सांभाळतो. ही सोय जर्मन माणसाच्या शिस्तीने आलेली नाही, सार्वजनिक जमीन आणि सार्वजनिक पैसा यांतून आली आहे. हा फरक विसरून तुलना केली की आपल्यावर अन्याय होतो.

इथे क्लब काढणं मात्र सोपं आहे. सात सभासद, लेखी घटना, न्यायालयातल्या संस्था-नोंदवहीत नोंद, कर कार्यालयाकडून सार्वजनिक हिताची मान्यता, मग राज्य क्रीडा संघटनेचं आणि फुटबॉल संघटनेचं सभासदत्व. खेळाडू कमी असतील तर शेजारच्या क्लबशी मिळून संयुक्त संघ उतरवता येतो. लोकसंख्या घटलेल्या गावांत आज हेच चालतं.

मला जाचणारी गोष्ट म्हणजे क्लब बदलण्याचे नियम. हौशी खेळाडूने 30 जूनपर्यंत जुन्या क्लबमधून नाव काढायचं, नव्या क्लबने 31 ऑगस्टपर्यंत अर्ज करायचा. जुना क्लब राजी नसेल तर नवा क्लब ठरलेली भरपाई देतो. वर्गानुसार रक्कम ठरते, तळाला ती काहीशे युरोंची असते. तीही दिली नाही तर खेळाडू 1 नोव्हेंबरपर्यंत बाहेर. हिवाळ्यात जानेवारीत दुसरी खिडकी उघडते, पण तेव्हा जुन्या क्लबची संमती लागतेच. सहा महिने एकही अधिकृत सामना न खेळलेल्याला मात्र ही थांबण्याची अट नाही. फुकट खेळणाऱ्या विशीतल्या मुलाला नोकरीसाठी गाव बदलल्यावर असं अडवून धरणं मला पटत नाही. छोट्या क्लबांनी घडवलेले खेळाडू मोठे क्लब ऐन हंगामात उचलून नेऊ नयेत, हा त्यामागचा हेतू समजतो, तरीही.

आता इथे मुलांना घेऊन येणाऱ्यांसाठी. सगळ्यात लहान मुलं मोठ्या मैदानावर खेळत नाहीत. 2024-25 पासून सात वर्षांखालची मुलं दोनास दोन किंवा तीनास तीन, चार छोट्या गोलांवर खेळतात. गुणतक्ता नाही. पालकांनी दूर उभं राहायचं. तेव्हा ‘आमचा मुलगा गोलकीपर का नाही’ असं विचारू नका, त्या छोट्या गोलांना गोलकीपरच नसतो. अकरास अकरा खेळ तेरा-चौदाव्या वर्षापासून.

मूल दहा वर्षांहून लहान असेल तर नोंदणी पटकन होते. फोटो, जन्मदाखला, पालकांची सही. दहा वर्षं पूर्ण झाली असतील तर परदेशातून आल्यामुळे फिफाचे नियम लागतात. पालक फुटबॉलसाठी नाही तर दुसऱ्या कारणाने आले आहेत हे दाखवावं लागतं. पासपोर्ट, जन्मदाखला, निवास परवाना, पत्त्याची नोंद आणि नोकरीचा करार जवळ ठेवा. मराठीतला जन्मदाखला भाषांतराशिवाय चालत नाही, निघण्यापूर्वी महापालिकेतून इंग्रजी प्रत काढून घ्या. मुलगा पुण्या-मुंबईत कुठल्या अकादमीतून खेळला असेल तर भारतीय महासंघाच्या सीआरएस या खेळाडू-नोंदणी प्रणालीत त्याचं नाव असण्याची शक्यता आहे. अर्जात ‘आधी कुठल्या क्लबकडे नोंद होती का’ या रकान्यात ते खरं लिहा. मग जर्मन महासंघ भारतीय महासंघाकडे परवानगी मागतो आणि त्यात काही आठवडे जातात. तोवर मुलाला सराव करता येतो, अधिकृत सामना नाही. ऑगस्टमध्ये येणार असाल तर क्लबच्या युवा विभागप्रमुखाला मे-जूनमध्येच ईमेल करा, कारण संघांची नोंदणी तेव्हाच होते आणि एखाद्या वयोगटात जागा आहे की नाही हे त्याला तेव्हाच ठरवावं लागतं.