तुम्ही विचारलंत म्हणून: कॉमिक्सच्या गप्पांत राजकारण कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर या विषयावर वेगळं बसून लिहायचा माझा काही विचार नव्हता. प्रश्न नेहमी एकच असतो, विचारणारे बदलतात. "ताई, मंगाबद्दल बोला ना, त्यात पॉलिटिक्स काहून घुसवता?" (मंगा म्हणजे जपानी कॉमिक्स.) कॉलेजातली पोरं विचारतात, माझ्या वयाचे, वेताळ-मँड्रेकच्या कॉमिक्सवर वाढलेले लोक विचारतात, आणि एकदा तर एका क्लायंटनी विचारलं, ऑडिटच्या फायलींखाली वन पीस या मंगाचा खंड दिसला म्हणून गप्पा सुरू झाल्या आणि दहाव्या मिनिटाला मी जपानच्या टॅक्सवर पोचले होते, त्याला बिचाऱ्याला फक्त पोराच्या वाढदिवसाला काय द्यावं ते हवं होतं. मी नागपुरात टॅक्सची कामं करते, जीएसटी, इन्कम टॅक्स, नोटिसांची उत्तरं, असलंच सगळं. मंगा वाचणारी टॅक्सवाली बाई, हे लोकांना आधीच थोडं विचित्र वाटतं.

आता उत्तर. हा प्रश्न विचारणारे बरेचसे स्वतः वन पीसचे भक्त असतात, याची मला जाम गंमत वाटते. एइचिरो ओदा १९९७ पासून ती गोष्ट काढतोय. त्यात एक वर्ल्ड गव्हर्नमेंट आहे ज्यानं इतिहासातली शंभर वर्षं पुसून टाकलीत, त्या शंभर वर्षांचा अभ्यास करणाऱ्या विद्वानांचं ओहारा नावाचं अख्खं बेट त्यानं तोफा लावून जाळलं, वरती सेलेस्टियल ड्रॅगन्स म्हणून एक जमात आहे जी माणसं विकत घेते आणि रस्त्यानं निघाली की बाकीच्यांनी गुडघ्यावर बसायचं. आणि आपला लुफी, गोष्टीचा नायक, समुद्री चाचा, काय करतो, एका मैत्रिणीला सोडवायला जातो आणि सरळ त्या सरकारचा झेंडाच जाळायला सांगतो. हे सगळं वाचायचं, त्या सीनला ढसाढसा रडायचं, डीपीला तोच फोटो लावायचा आणि मग मला म्हणायचं की मंगात राजकारण नको. हौ ना, बरोबर आहे तुमचं.

पण गोष्टीच्या आतलं राजकारण हा माझा मुख्य मुद्दाच नाही. माझा धंदा हिशोबाचा, त्यामुळे मला आधी दिसतं ते कोणाला किती मिळाले आणि कागदावर सही कोणी करून घेतली. १९३८ मध्ये जेरी सीगल आणि जो शुस्टर या विशीतल्या दोन पोरांनी सुपरमॅन हक्कांसकट १३० डॉलरला देऊन टाकला. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या, हरले, म्हातारे झाले, आणि १९७५ मध्ये मोठा सिनेमा येऊ घातलेला असताना बोंबाबोंब झाली तेव्हा कुठं कंपनीनं दोघांना वर्षाला २० हजार डॉलर आणि नावाचं श्रेय द्यायचं कबूल केलं. याला तुम्ही कॉमिक्सचा इतिहास म्हणा की राजकारण म्हणा, मला तरी ते वेगळं करता येत नाही.

जपानचं तर मला इतकं ओळखीचं वाटलं की काय सांगू. तिथं साप्ताहिकात मंगा काढणाऱ्याला पानामागे पैसे मिळतात, त्यातूनच तो असिस्टंटचे पगार भागवतो, खरी कमाई होते ती नंतर खंड निघाल्यावर, रॉयल्टीची, म्हणजे खंड चालला तर. हे असिस्टंट, नवे मंगाका (मंगा काढणारे), अ‍ॅनिमेशनवाले, आवाज देणारे कलाकार, सगळे छोटे छोटे फ्रीलान्सर. वर्षाची उलाढाल १ कोटी येनच्या आत असेल तर त्यांना कन्झम्प्शन टॅक्स (आपल्या जीएसटीसारखाच) भरायची भानगड नव्हती. ऑक्टोबर २०२३ पासून तिथं इन्व्हॉइस पद्धत आली. आता रजिस्टर नसलेल्या माणसाकडून काम घेतलं तर कंपनीला त्यावरचं क्रेडिट, म्हणजे आधी दिलेला टॅक्स स्वतःच्या टॅक्समधून वजा करायची सोय, पूर्ण मिळत नाही (काही वर्षं थोडं थोडं मिळेल, मग तेही बंद). मग कंपनी काय म्हणणार? एकतर रजिस्टर हो आणि टॅक्स भर, नाहीतर रेट कमी कर, नाहीतर आम्ही दुसरा पाहतो. कायद्यात कुठंही लिहिलेलं नाही की छोट्या माणसाला पिळा, पण पैसा ज्याच्याकडून निघायचा त्याच्याकडूनच निघतो. अहो हे मी रोज पाहते! इतवारीतला छोटा जॉबवर्कवाला, वीस लाखांच्या आतला, मोठी पार्टी त्याला म्हणते जीएसटी नंबर आण नाहीतर माल नको. टोकियोतले मंगाका याविरुद्ध उभे राहिले ती बातमी वाचताना मला वाटलं, यांच्यातल्या कोणीही माझ्या ऑफिसात येऊन बसावं, भाषेचा प्रॉब्लेम सोडला तर बाकी सगळं मला कळेल.

आणि याच्या वर्षभर आधी काय झालं होतं ठाऊक आहे? लव्ह हिना ही मंगा काढणारा केन अकामात्सु जुलै २०२२ मध्ये खासदार झाला. त्यांच्या संसदेचं वरचं सभागृह, सत्ताधारी एलडीपी पक्षाकडून, प्रपोर्शनल (मतांच्या प्रमाणात जागा मिळणाऱ्या) यादीत पक्षात सगळ्यांत जास्त मतं याचीच, पाच लाखांच्या वर. मंगा-अ‍ॅनिमेवर सेन्सॉरशिप येऊ देणार नाही म्हणून प्रचार केला. लोकांना भीती होतीच, कारण २०१० मध्ये टोकियोच्या गव्हर्नरनं, तो शिंतारो इशिहारा स्वतः कादंबरीकार बरं का, तरुणांच्या रक्षणाच्या नावाखाली मंगावर बंधनं कडक करणारा नियम पास करून घेतला होता आणि मोठमोठ्या प्रकाशकांनी टोकियोच्या अ‍ॅनिमे फेअरवर बहिष्कार टाकला होता. म्हणून फॅन्सनी आपला माणूस पाठवला. आणि ज्या पक्षातून पाठवला त्याच पक्षाच्या सरकारनं इन्व्हॉइस पद्धत आणली. चित्र काय काढायचं याचं स्वातंत्र्य राहिलं, चित्र काढणाऱ्याच्या खिशाला मात्र कात्री लागली. अकामात्सुला मी वाईट म्हणत नाही, पण मत देताना लोकांनी एकच वही तपासली आणि दुसरी उघडलीच नाही, असं माझं मत.

बरं, जपान लांब आहे म्हणाल तर आपल्याकडे या. पुस्तकावर जीएसटी शून्य, ऐकायला किती छान. पण शून्य म्हणजे एक्झेम्प्ट (करमाफ), आणि एक्झेम्प्ट म्हणजे प्रकाशकानं कागदावर जो टॅक्स भरला त्याचं क्रेडिट त्याला नाही. तो टॅक्स जातो किमतीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून छपाईचा बहुतेक कागद १२ टक्क्यांवरून १८ वर गेला, शाळेच्या वह्यांचा कागद तेवढा शून्यावर आला. सगळ्या पेपरांत हेडलाइन काय, तर वह्या स्वस्त. कॉमिक्स छापणाऱ्या छोट्या मंडळींनी कुठं बोंबलायचं? बाहेरून येणाऱ्या पुस्तकांवर २०१९ च्या बजेटनं ५ टक्के ड्युटी लावली होती ती वेगळीच. मंगाचा एक खंड घ्यायला गेलं की साडेतीनशे-चारशे सहज जातात, पोरं म्हणतात ताई एवढे कुठून आणायचे, नेटवर कोणी टाकलेले फुकटचे स्कॅन वाचतो. मी त्यांना रागवत नाही. एवढंच सांगते की शुएइशा या जपानी प्रकाशकाचं मंगा प्लस अ‍ॅप आहे, त्यावर बहुतेक मालिकांचे पहिले तीन आणि ताजे तीन चॅप्टर फुकट मिळतात, ते तरी तिथं वाचा म्हणजे आकडा कुठंतरी नोंदला जातो. ते इंग्रजी, स्पॅनिशबरोबर इंडोनेशियन, थाई, व्हिएतनामी भाषेत निघतं. आपण एवढे कोट्यवधी असून आपली भाषा त्यात का नाही याचं उत्तर सोपं आहे, स्कॅन वाचणाऱ्यांची मोजदाद कोणी करत नाही.

पोस्टाचं तर अजून मजेशीर. जुन्या कॉमिक्सची अदलाबदल करणाऱ्यांचा जीव रजिस्टर्ड बुकपोस्टात होता, किलोकिलोचे गठ्ठे अगदी स्वस्तात जायचे. डिसेंबर २०२४ मध्ये ते एकदम बंद झालं, आरडाओरडा झाल्यावर १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट आलं, पाच किलोपर्यंत शंभर रुपयांत, रेट चांगलाच आहे, पण पुस्तक शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक हवं आणि नियतकालिक किंवा जाहिरातवालं नको. आता मला सांगा, नागराजचं कॉमिक यातल्या कुठल्या खान्यात बसवायचं? इंद्रजाल कॉमिक्सवर तर नियतकालिकही लिहिलंय आणि मागच्या पानावर बिस्किटाची जाहिरातही आहे.

इंद्रजालवरून आठवलं. आमच्या वयाचे लोक जेव्हा "आमच्या वेळी कॉमिक्स किती निरागस होती" म्हणतात ना, तेव्हा मला हसू येतं. टाइम्सवाल्यांनी १९६४ ला इंद्रजालमधून वेताळ (म्हणजे फँटम) इकडे आणला तेव्हा मूळ गोष्टीतलं त्याचं जंगल बंगालच्या जवळ जाणाऱ्या नावाचं होतं, ते बदलून डेंकाली केलं, राम नावाचा खलनायक होता त्याचा रामालू केला, सिंग चाच्यांचे सिंगा चाचे झाले. महालातल्या भाड्याच्या दुकानातून आम्ही जे निरागस वाचत होतो ते ऑफिसात बसून कोणीतरी विचारपूर्वक गाळून दिलेलं होतं. तो बदल वाईट होता असं मी म्हणत नाही, उलट शहाणपणाचा होता. पण राजकारण नव्हतं म्हणू नका. ज्या राज्यात एक अख्खा पक्ष व्यंगचित्रांच्या साप्ताहिकातून उभा राहिला, १९६० ला मार्मिक आणि १९६६ ला शिवसेना, तिथल्या माणसानं तर अजिबातच म्हणू नये.

आणि नागपुरात राहून म्हणणं तर फारच अवघड. २०१२ च्या मे महिन्यात एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकातल्या एका व्यंगचित्रावरून संसदेत गोंधळ झाला होता, आठवतं? व्यंगचित्रकार शंकरचं १९४९ चं चित्र, बाबासाहेब गोगलगाईवर बसलेत, ती गोगलगाय म्हणजे संविधान, आणि मागे नेहरू चाबूक घेऊन. सरकारनं ते काढलं, पुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले, पुण्यात पळशीकरांच्या ऑफिसची तोडफोड झाली. तेव्हा माझ्या ओळखीतले कॉमिक्सवाले लगेच दोन गटांत गेले. एक गट म्हणे चित्र आहे, चित्रासारखं पाहा. ज्यांच्या घरी बाबासाहेबांचा फोटो देवाच्या जागी आहे ते म्हणे, चाबूक पाहिल्यावर आमच्या पोटात काय होतं ते तुम्हाला नाही कळणार. मला तोडफोड तेव्हाही पटली नाही, आजही नाही. पण दुसऱ्यांचं म्हणणं चूक आहे असंही मला म्हणता आलं नाही. ते चित्र काढलं तेव्हाही, पुस्तकात घेतलं तेव्हाही, त्यांना कोणी विचारलेलं नव्हतं.

त्याच्या आदल्याच वर्षी, २०११ मध्ये, नवयाना प्रकाशनानं भीमायन हे चित्ररूप पुस्तक काढलं होतं. बाबासाहेबांच्या आयुष्यातले पाण्याचे, निवाऱ्याचे, प्रवासाचे प्रसंग, आणि चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलाकारांची. त्यांनी चौकटी काढायलाच नकार दिला, म्हणाले आमची माणसं डब्यात कोंडायची नाहीत. म्हणून पानभर वळणावळणाचे पट्टे आहेत, त्यांनीच प्रसंग वेगळे होतात. आणि बोलण्याचे फुगे पाहा, साधं-प्रेमळ बोलणं पक्ष्याच्या आकारात, आणि विषारी बोलणं असेल तर फुग्याला विंचवाची नांगी. जगभरचे लोक शंभर वर्षं फुगे काढून राहिले, हे कोणाला सुचलं नव्हतं! हे शहर वसवलं एका गोंड राजानं, बख्त बुलंद शाहनं, आणि दीक्षाभूमीही इथलीच, तरी आपल्याकडच्या कॉमिक्स वाचणाऱ्या पोरांना भीमायन माहीत नसतं आणि बॅटमॅनचे सगळे रॉबिन क्रमानं पाठ असतात. हे मला खटकतं, आणि मी ते बोलून दाखवते, आणि मग लगेच कोणीतरी म्हणतं, ताई परत सुरू झाल्या.

एक गोष्ट मात्र मान्य. तुमच्यातले काही जण कंटाळलेत ते खऱ्या कारणानं कंटाळलेत. कुठल्या हिरोचा रंग बदलला, कोणाला कोण आवडतं, यावर न वाचलेल्या लोकांची तीन-तीन दिवस चालणारी भांडणं मलाही नकोत. त्यात ना कोणाला पैसे मिळतात ना कोणाचं पुस्तक निघतं. २०२५ च्या सुपरमॅनला लोक विचारधारा शोधत बसले आणि आपल्या सेन्सॉरनं त्यातलं चुंबन कापलं यावर आमच्याकडे कोणी तेवढं बोललं नाही, तिकिटाचे पैसे मात्र पूर्ण घेतले.

तर आता ताजं. आमचं दहा-पंधरा जणांचं टोळकं आहे, रविवारी सकाळी तर्री पोहे खाऊन धरमपेठेत एकाच्या गच्चीवर बसतो, खंड बदलतो. ऑगस्ट २०२५ मध्ये इंडोनेशियात स्वातंत्र्यदिनाच्या आधी लोकांनी ट्रकवर, घरांवर लुफीच्या टोळीचा गवती टोपीवाला कवटीचा झेंडा लावला, तिथले नेते चिडले. सप्टेंबरात काठमांडूत सोशल मीडियावरच्या बंदीनंतर तरुण रस्त्यावर आले, माणसं मेली, पंतप्रधान ओलींना राजीनामा द्यावा लागला, आणि सिंहदरबारच्या, म्हणजे सरकारी कचेऱ्यांच्या, गेटवर तोच झेंडा लटकलेला फोटो जगभर फिरला. आमच्यातला एक इंजिनिअरिंगचा पोरगा, सगळ्यात जास्त वाचलेला, तो भयंकर अस्वस्थ झाला. म्हणे ताई, यांनी माझी गोष्ट नेली. मी म्हटलं ओहारा वाचताना तुला काय वाटलं होतं मग? तो म्हणे ती गोष्ट होती, इथं खरी माणसं मेलीत, त्यावर आपला झेंडा नको. त्याच्या बोलण्यात दम आहे, मी नाकारत नाही. दुसरी एक मुलगी लगेच उसळली की झेंडा काय आपल्या बापाचा आहे का, ज्याला गरज त्यानं लावावा. गच्चीवर असा आवाज चढला की खालचे काका वर आले.

शेवटी त्या पोरानं ठराव मांडला की आपल्या बैठकीत राजकारणावर बोलायचं नाही असा नियमच करू. मतदान पुढच्या रविवारी आहे. दोन्ही बाजूंचे लोक आतापासून मला वेगवेगळे फोन करून राहिले, कोणाकडे किती मतं आहेत त्याचा हिशोब लावून राहिले. मी विरोधात मत देणार आहे, आणि ते सगळ्यांना सांगूनही टाकलंय.