कप्पीला तेल

शुभ शुक्रवार, रात्र

समाधीच्या देखाव्यामागे कोणीतरी कप्पीला तेल घालत होते, एवढीच गोष्ट. पण तिने मी दुपारपासून अस्वस्थ आहे. ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतातल्या या गावाच्या चर्चमध्ये दरवर्षी उभी राहणारी ख्रिस्ताची समाधी पाहायला मी आपणहून गेले होते. रंगमंचावरच्या पडद्यांप्रमाणे एकामागे एक लावलेल्या रंगीत कमानी, दोन्ही बाजूंना पहाऱ्याचे रोमन शिपाई, खाली गुहेत निजलेला देह, वर झिरझिरीत शुभ्र वस्त्राने झाकलेला पवित्र साक्रामेंत, म्हणजे ख्रिस्ताचे शरीर मानली जाणारी अभिमंत्रित भाकर. आणि सभोवार रंगीत पाण्याने भरलेले काचेचे गोळे, ज्यांच्या मागे ठेवलेल्या दिव्यांमुळे त्या गुहेवर लाल, निळा, हिरवा उजेड पसरला होता. शोकाला इतके रंग शोभतात का, असे मनात येते न येते तोच मागून किरकिर ऐकू आली. उद्या रात्री निजलेली मूर्ती आड जाते आणि उठलेला ख्रिस्त दोराने वर चढतो, त्याची ती तयारी होती.

मला राग आला. गुरुवारच्या मिस्सेपासून, म्हणजे चर्चमधल्या उपासनेपासून, घंटा मुक्या ठेवून लाकडी खटखट्यांवर भागवणाऱ्या या माणसांनी निदान एक दिवस तरी शेवट ठाऊक नसल्यासारखे बसावे, अशी माझी अपेक्षा होती. यांच्या शोकाला मुदत आहे, आणि ती संपल्यावर काय करायचे हेही ठरलेले आहे. माझ्या वाट्याला तसे काही आले नाही. बाबांची खोली आवरायला घेतली तेव्हा मला कोणी सांगितले होते की, पण ते असो. राग म्हणते खरी, तरी त्यात हेवाच जास्त होता.

सम्राट दुसऱ्या जोसेफने १७८२ मध्ये नेमके हेच देखावे बंद करायला लावले होते, आणि आज दुपारी तरी मी पूर्णपणे त्याच्या बाजूची होते. बंदी अर्थातच टिकली नाही. बाराव्या पायस पोपने १९५५ मध्ये पवित्र आठवड्याचे विधी बदलेपर्यंत ईस्टरच्या जागरणाचा विधीही बहुतेक ठिकाणी शनिवारी सकाळीच उरकला जात असे. भर उजेडात जागरण! म्हणजे शेवटाची घाई आजची नाही.

आता लिहिताना आठवते की पुढच्या बाकावरच्या आजी कप्पी किरकिरत असतानाच डोळे पुसत होत्या, आणि त्या आवाजाने त्यांची मानही वर झाली नाही. त्यांनी हा शेवट आयुष्यभर पाहिला असणार. गणपती बसण्याआधीच विसर्जनाचा दिवस ठरलेला असतो, म्हणून शेवटच्या आरतीला गळा दाटून यायचा थोडाच राहतो? तरीही कप्पीला तेल गुरुवारीच घालता आले असते, या मतावर मी ठाम आहे.

निघताना ते तेलवाले गृहस्थ दारात भेटले. उद्या दोर ओढायला एक माणूस कमी पडतो आहे, तुम्ही याल का, असे त्यांनी विचारले आणि मी हो म्हणून बसले. माझी श्रद्धा आहे की नाही, याची त्यांनी चौकशी केली नाही. वंगणाचे डाग निघत नाहीत, तेव्हा पांढरे काही घालू नका, एवढे मात्र बजावले.